बॅट माझी आहे

"बॅट माझी आहे," एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. तेरा वर्षांच्या मुलाने एक खरी गोष्ट सांगितली होती आणि तिच्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी माझ्या खिडकीखाली मुलं खेळतात. भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप, समोरच्या टोकाला उलटी ठेवलेली एक फुटकी बादली. बॅट सगळ्यांत मिळून एकच, आणि ती त्यांच्यातल्या सगळ्यात उंच मुलाची. महिनाभर एक मुलगी बाजूच्या पायरीवर बसून असायची. नऊ-दहा वर्षांची. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर, त्यावर सगळ्यांनी स्केचपेनने केलेल्या सह्या. खेळता येत नाही म्हणून कुणीतरी तिला पंच केलं होतं. सुरुवातीला त्यात सोयीचा भाग होता, थोडी दयाही होती. धाकट्या भावंडांना कच्चा लिंबू म्हणून खेळात घेतात तशी. पण आठवडाभरात काहीतरी बदललं. चेंडू बॅटच्या जवळून गेला की सगळ्यांच्या माना आपोआप पायरीकडे वळायला लागल्या. ती लगेच बोलत नसे. डोळे बारीक करून क्षणभर थांबायची, जणू मघाचा चेंडू पुन्हा एकदा येऊन जाताना बघतेय, आणि मग एकच शब्द. आऊट, नाहीतर नॉट आऊट. तिने एकदा बोललेलं फिरवलेलं मी ऐकलं नाही, आणि कुणी फिरवायला सांगितलेलंही नाही.

त्या संध्याकाळी बॅटवाल्या मुलाची कड लागून चेंडू मागे उडाला आणि मागच्या पोराने तो छातीशी धरला. कड लागल्याचा बारीक टक् आवाज वर मलासुद्धा ऐकू आला. ती म्हणाली, "आऊट." तो जागचा हलला नाही. "लागलीच नाही," म्हणाला. ती गप्प. मग त्याने बॅट जमिनीवर दोनदा आपटली, पवित्रा घेतला आणि ते वाक्य उच्चारलं. कुणीही त्याच्या अंगावर गेलं नाही, रडीचा डाव म्हणून चिडवलं नाही. फक्त, ज्याच्या हातात चेंडू होता त्या मुलाने तो टाकला नाही. तो चेंडू शर्टाला पुसत उभा राहिला. बाकीचे आपापल्या जागी उभे. बॅट ज्याची होती तो बॅट घेऊन तयार होता आणि त्याला चेंडू टाकायला कुणी नव्हतं. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही, दोन मिनिटं असतील, पण वरून बघताना ती फार लांब वाटली. शेवटी त्याने बॅट काखेत मारली आणि निघाला. वळणावर पोचल्यावर त्याने एकदाच मागे पाहिलं. खेळणाऱ्यांकडे पाहिलं नाही, पायरीकडे पाहिलं.

त्याची ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात.

तो आधीच का गेला नाही? बॅट त्याची होती, उंची त्याची होती, खेळ थांबवणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं. मग तो कशाची वाट बघत होता? मला वाटतं, तिने "बरं, नॉट आऊट" म्हणावं याची. खेळत राहण्यासाठी बॅट पुरेशी होती; पण आपण आऊट नाही हे ठरायला त्याला तिचा शब्द हवा होता, आणि नेमकी तेवढीच गोष्ट बॅटच्या जोरावर मिळत नव्हती.

आपली भाषा या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलते. "सत्तेपुढे शहाणपण चालत नाही" असं आपण किती सहज म्हणतो. म्हणताना खांदे उडवतो आणि विषय संपवतो. "बळी तो कान पिळी" हेही त्याच चालीवरचं. पण "पाचामुखी परमेश्वर" हीसुद्धा आपलीच म्हण आहे, आणि त्या पायरीवरच्या मुलीला मुलं ज्या नावाने हाक मारत होती तो "पंच" शब्द त्याच पाचांमधून आलेला. मुलांच्या खेळात तर याहून विलक्षण गोष्ट आहे. लपाछपीत किंवा पकडापकडीत ज्याच्यावर "राज्य" येतं, त्याच्या मागे ती एक शिक्षाच लागते. बाकी सगळे लपून बसतात, तो एकटा धावत राहतो आणि राज्य दुसऱ्याच्या गळ्यात कधी घालतो असं त्याला होतं. हा शब्द खेळात कुणी आणला ठाऊक नाही, पण ज्याने आणला त्याने राज्य जवळून पाहिलं असावं.

आणि "अधिकार". या एका शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. अधिकारी म्हणजे साहेब, सही-शिक्क्याचा माणूस. आणि अधिकारी पुरुष म्हणजे ज्याने साधना केली आहे, ज्याला बोलायचा हक्क त्याच्या जगण्यातून आला आहे. भांडणात आपण "तुला काय अधिकार?" असं विचारतो तेव्हा दुसरा अर्थ मनात असतो. समोरच्याकडे नेमणुकीचा कागद आहे की नाही हे आपण विचारत नसतो. कागद असतो म्हणूनच तर प्रश्न येतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी "अधिमान्यता" असा भारदस्त शब्द आहे. बोलताना तो कुणी वापरत नाही, पण तो नाकारला जातो तेव्हा सगळ्यांना कळतं. हुकूम तोच राहतो, माणसं तो पाळतही राहतात, फक्त पाळताना एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी काही वर्षं एका कार्यालयात विभागप्रमुख होते. पंधरा-सोळा माणसं माझ्या हाताखाली. रजेचे अर्ज माझ्या सहीने मंजूर व्हायचे, गोपनीय अहवाल मी लिहायचे, कोण कुठल्या टेबलावर बसेल हे मी ठरवायचे. मी खोलीत शिरले की बोलणी अर्ध्यावर थांबायची. सुरुवातीला मला ते आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याच विभागात एक वरिष्ठ लिपिक होत्या. सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणायचे. कुणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, कुणाची बदली करण्याचा नव्हता. तरी कुठलाही महत्त्वाचा मसुदा माझ्या टेबलावर येण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. "बाई, एकदा नजर टाकता का?" त्या चष्मा कपाळावरून खाली ओढायच्या, पेन्सिलीने एखाद्या ओळीखाली रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "हे काढा, हे आपल्याला माहीत नाही." ते वाक्य निघायचं. मी "हे काढा" म्हटलं असतं तर लोकांनी आधी माझ्या मनात काय आहे याचा अंदाज घेतला असता.

त्यांच्या शब्दाला हे वजन कुठून आलं, याचा मी पुष्कळ शोध घेतला. अनुभव होताच, पण तेवढाच अनुभव असलेले आणखी दोघे होते आणि त्यांना कुणी काही दाखवायला जात नसे. मग एकदा एका जुन्या कर्मचाऱ्याने मला एक फाइल आणून दाखवली. माझ्या आधीच्या काळातली. थकबाकीच्या विवरणपत्रात बेरजेची एक चूक झाली होती, पैसे वाटून झाले होते, तपासणीतही ती सुटली होती. चूक बाईंची होती आणि ती बाहेर येण्याचा काही संभव नव्हता. त्यांनी स्वतःच टिपणी लिहिली होती. अक्षर नेहमीसारखंच, ठळक आणि उजवीकडे किंचित झुकलेलं: सदर चूक माझ्याकडून झाली असून वसुली करण्यात यावी. खाली सही. त्यांच्यावर ठपका आला, वार्षिक वेतनवाढ वर्षभर अडकली. ती फाइल मी आले तेव्हा अभिलेखात कधीच जमा झाली होती, पण विभागातला प्रत्येक जण तिच्याबद्दल जाणून होता. दुसऱ्याच्या ओळीखाली रेघ मारणाऱ्या पेन्सिलीने आधी स्वतःच्या ओळीखाली रेघ मारलेली होती.

त्याच विभागात मी एका बैठकीत माझी खुर्ची वापरली. एका ज्येष्ठता यादीवरून वाद होता. एक नवा मुलगा, नोकरीला दोन वर्षंही झालेली नव्हती, नियम हातात घेऊन सांगत होता की यादीतला क्रम चुकलाय. तो बरोबर बोलतोय हे मला तिसऱ्या मिनिटाला कळलं होतं. पण तोवर मी दोनदा उलट बोलून बसले होते आणि चौदा माणसं बघत होती. मी म्हणाले, "विभागप्रमुख मी आहे." खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या मुलाने नियमांचं पुस्तक मिटलं, अगदी हळू, आवाज होऊ नये अशा बेताने. यादी माझ्या म्हणण्याप्रमाणे गेली. संध्याकाळी बाई एक फाइल सहीला घेऊन आल्या. सही झाल्यावर फाइलची नाडी बांधताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सही केलीत, काम होऊन जाईल. पण आता तुम्हाला कुणी सांगायला येणार नाही."

तसंच झालं. पुढची दोन वर्षं मी सांगितलं ते आणि तेवढंच काम विभागात होत राहिलं. टिपण्यांवर "आदेशानुसार" हा शब्द वाढला. कुणी माझं ऐकलं नाही असं एकदाही झालं नाही. यादी नंतर वरून चुकीची ठरून परत आली, तेव्हाही कुणाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तो दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्या मुलाची माफी मागितली, एकट्याला बोलावून. ती बैठकीत, सगळ्यांसमोर मागायला हवी होती. ते आजही टोचतं.

खिडकीत उभी राहून त्या मुलाला बॅट काखेत घेऊन जाताना बघत होते तेव्हा मला हे आठवलं, आणि का कोण जाणे, त्यासोबत स्पेनच्या संसदेतलं एक चित्रण आठवलं. २३ फेब्रुवारी १९८१. नव्या पंतप्रधानासाठी मतदान चालू असताना लेफ्टनंट कर्नल अंतोनियो तेहेरो सुमारे दोनशे सशस्त्र शिपाई घेऊन सभागृहात घुसला. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चालूच राहिला म्हणून आपल्याला ते बघता येतं. तेहेरोच्या हातात पिस्तूल. पहिल्या रांगेतून एक सडपातळ म्हातारा गृहस्थ उठतो आणि थेट बंदुकांच्या दिशेने चालत जातो. तो गुतिएरेस मेयादो, मावळता उपपंतप्रधान, वय ६८, अंगावर साधा सूट. पण तो स्वतः लेफ्टनंट जनरल होता. तो हात हलवून शिपायांना शस्त्रं खाली ठेवा म्हणून फर्मावतो. छताच्या दिशेने गोळ्यांच्या फैरी झडतात. सभासद बाकांखाली दिसेनासे होतात, क्षणात सभागृह रिकामं वाटायला लागतं, आणि तो माणूस कमरेवर हात ठेवून उभाच. तेहेरो मागून येऊन त्याला जमिनीवर पाडायचा प्रयत्न करतो. पाय आडवा घालतो, खांदा ओढतो. म्हातारा बाकाचा काठ धरून उभा राहतो. पंतप्रधान आदोल्फो सुआरेस त्याच्या मदतीला धावतो. कम्युनिस्ट नेता सांतियागो कारियोही आपल्या जागी बसून राहतो. छतातली गोळ्यांची भोकं तिथे आजही जपून ठेवली आहेत.

मी ते चित्रण कितीदा पाहिलं असेल. दर वेळी माझी नजर तेहेरोच्या त्या आडव्या पायावर जाते. दोनशे बंदुका पाठीशी असताना याला एका साठीपलीकडच्या माणसाला पाय घालून पाडायची गरज का वाटली? गोळी घालणं सोपं होतं. पण त्याला तो माणूस मेलेला नको होता, खाली पडलेला हवा होता. सगळे जमिनीवर गेले आणि एक जण उभा राहिला, तर हुकूम अर्धवट राहतो. उरलेला अर्धा बंदुकीतून निघत नव्हता.

त्याच रात्री एक वाजून गेल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आला आणि हे बंड राजमुकुटाला मान्य नाही असं म्हणाला. भाषण अगदी छोटं. वालेन्सिया शहराच्या रस्त्यांवर आलेले बंडखोरांचे रणगाडे मागे फिरले, दुसऱ्या दिवशी दुपारी सभासद मोकळे झाले. या राजाला वारस म्हणून निवडलं होतं हुकूमशहा फ्रँकोने, १९६९ साली. म्हणजे त्याच्या हातात आलेली सत्ता मुळात कुठल्या हातांतून आली होती हे सगळा देश जाणत होता. १९७८ च्या राज्यघटनेत त्याने आपली बहुतेक सत्ता सोडली, आणि ती सोडल्यानंतरच्या एका रात्री त्याचा शब्द लष्कराने मानला. पुढची गोष्टही सांगायला हवी. २०१२ साली देश आर्थिक संकटात होरपळत असताना हाच राजा आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीला गेल्याचं उघड झालं. त्याने जाहीर माफी मागितली, २०१४ मध्ये मुलाला गादी दिली, आणि आर्थिक व्यवहारांच्या चौकशा मागे लागल्यावर २०२० मध्ये देश सोडला. त्या रात्रीचं भाषण पुसलं गेलं नाही, पण तेवढ्याने पुढची चाळीस वर्षं भागली नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने जानेवारी १९१९ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या व्याख्यानात राज्यसंस्थेची जी व्याख्या सांगितली, ती आपण बहुतेक वेळा अर्धीच उद्धृत करतो. बळाचा मक्ता राज्याकडे असतो, एवढंच लक्षात ठेवतो. त्याने "न्याय्य मानल्या गेलेल्या बळाचा" असं म्हटलं होतं, आणि लगेच पुढे माणसं आज्ञा का मानतात याची तीन कारणं दिली होती: चालत आलंय म्हणून, त्या व्यक्तीत काही विलक्षण दिसतं म्हणून, किंवा नियमाने ठरलंय म्हणून. मला त्यातला "मानल्या गेलेल्या" हा भाग अडकवतो. मानणारे कोण? दोनशे शिपाई की सभागृह? चेंडू हातात धरून उभा राहिलेला तो मुलगा याचं उत्तर देत होता, असं मला वाटतं. बॅट चालवायला कुणीतरी चेंडू टाकावा लागतो.

रोमन लोकांनी तर यासाठी दोन वेगळे शब्दच ठेवले होते. पदाने येते ती पोतेस्तास, आणि शब्दाला वजन असतं ती आउक्तोरितास. सम्राट ऑगस्टसने मरण्यापूर्वी आपल्या कामगिरीचा वृत्तांत लिहून ठेवला. तो आज अंकाराच्या एका पडक्या देवळाच्या भिंतींवर कोरलेला सापडतो. त्यात तो म्हणतो की, आउक्तोरितासमध्ये मी सगळ्यांच्या वर होतो, पण पोतेस्तास माझ्याकडे माझ्या सहकाऱ्यांपेक्षा तसूभरही जास्त नव्हती. मला हे वाक्य पटत नाही. सैन्य त्याचं, खजिना त्याचा, विरोधक यादवीत संपवलेले. पण ज्याच्याकडे सगळं होतं त्यालाही लिहून ठेवताना दुसराच शब्द हवासा वाटला, हे मात्र मला त्या मुलाच्या वळणावरच्या नजरेइतकंच खरं वाटतं.

इथवर आल्यावर मला स्वतःलाच थांबवावं लागतं, कारण हे सगळं फार गोड व्हायला लागलंय. सत्ता वाईट, नैतिक अधिकार चांगला, अशी विभागणी करून झोपी जाता येत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमने जे प्रयोग सुरू केले त्यांत सत्ता अजिबात नव्हती. करडा कोट घातलेला एक माणूस खोलीत उभा असायचा. भिंतीपलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की प्रयोगाला आलेल्या माणसाने त्याला विजेचा धक्का द्यायचा, दर वेळी थोडा जास्त. धक्के खोटे होते, किंकाळ्या खोट्या होत्या, पण कळ दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. कुणी कचरलं की कोटवाला फक्त म्हणायचा, प्रयोगासाठी तुम्ही पुढे चालू ठेवणं आवश्यक आहे. तो कुणाला अडवणार नव्हता, कुणाची नोकरी घालवणार नव्हता. उठून निघून जाता येत होतं. पहिल्या गटातल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. घामाघूम होत, थरथरत, पण गेले. कोटवाल्याने खोली सोडून फोनवरून सूचना दिल्या तेव्हा हे प्रमाण साधारण पाचात एकावर आलं. म्हणजे कोट, खोली आणि एक शांत आवाज एवढ्यावर माणसं दुसऱ्याला यातना द्यायला तयार झाली.

बंदुकीपुढे वाकलेला माणूस मनातल्या मनात तरी ताठ राहू शकतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यापुढे आपण आतूनही वाकतो. म्हणून मला पायरीवरच्या त्या मुलीचंही थोडं भय वाटलं होतं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळत होत्या.

मिलग्रॅमचा कोटवाला आणि बाईंची पेन्सिल, दोघांनाही लोक मानत होते. मग फरक कुठे? मी पुष्कळ दिवस हे घोळवलं आणि मला एवढंच सापडलं की कोटवाल्याला स्वतःला काही लागू होत नव्हतं. तो धक्क्याच्या खुर्चीत कधी बसणार नव्हता. त्याला कुणी "का?" विचारलं की तो प्रयोगाचं नाव घ्यायचा, कारण सांगायचा नाही. बाई कारण सांगायच्या: हे आपल्याला माहीत नाही. आणि ते कारण त्यांच्या स्वतःच्या बेरजेलाही लागू होतं.

रामशास्त्र्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पाठ असल्यामुळे आपण तिच्यातलं अवघड विसरतो. १७७३ साली त्यांनी राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि ते अंमलात आलं नाही. गादी राघोबाकडे होती, शास्त्री पुणं सोडून गेले. त्या दिवशी सत्तेपुढे शहाणपण चाललं नाही हे खरंच आहे. तसंच २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी म्हटलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, आणि एकट्या हं. रा. खन्नांनी म्हटलं की येईल. चौघांविरुद्धच्या एका मताला अंमल शून्य असतो. त्या कागदाने एकही तुरुंगाचं दार उघडलं नाही. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात निकाल दिला तेव्हा चौघांचं मत चुकीचं ठरलं, आणि तसं लिहिणाऱ्यांमध्ये त्या चौघांपैकी एकाचा मुलगा होता. एक्केचाळीस वर्षं लागली. मधल्या काळात जे तुरुंगात राहिले त्यांच्या दृष्टीने हा शेवट सुखाचा आहे असं मला म्हणवत नाही. पण या चौघांची नावं किती जणांना आठवतात, असा प्रश्न मला राहून राहून पडतो. अंमल त्यांचा होता.

खिडकीखाली काय झालं ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उंच मुलगा आला. बॅट घेऊन आला. कुणाशी काही न बोलता त्याने ती पायरीला, तिच्या प्लॅस्टरच्या पायाजवळ टेकवून ठेवली आणि क्षेत्ररक्षणाला जाऊन उभा राहिला. त्याच्यानंतर ज्याची पाळी होती त्याने येऊन ती उचलली. मुलीने मान वर करून पाहिलंही नाही, ती प्लॅस्टरवरच्या एका सहीला रंग देत होती. मला फार आनंद झाला. इतका की मी लगेच हा लेख लिहायला घेतला होता आणि तो तिथेच संपवणार होते.

आठेक दिवसांनी तिचा धाकटा भाऊ खेळायला आला. पाच वर्षांचा असेल, बॅट त्याच्या कमरेच्या वर येत होती. चेंडू सरळ मधल्या रेघेवर जाऊन आदळला. विटेचा लाल डाग चेंडूला लागलेला वरूनही दिसत होता. माना पायरीकडे वळल्या. ती नेहमीसारखी थांबली नाही. पटकन म्हणाली, "नॉट आऊट." भाऊ हसला. कुणी वाद घातला नाही. गोलंदाजाने चेंडूवरचा डाग शर्टाला पुसला आणि तो पुन्हा धावत आला. पण त्यानंतरच्या झेलाला "आऊट!" असा ओरडा झाला तेव्हा कुणी पायरीकडे पाहिलं नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आवाज चढवले. तिला पंचपदावरून कुणी काढलं नाही. ती तिथेच बसली होती. काही वेळाने तिने एकदा "आऊट नव्हता" असं म्हटलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. पाच वर्षांच्या भावाला रडू येऊ नये म्हणून बोललेलं खोटं ते. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. वाईट मात्र वाटलं, आणि वाईट वाटण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं.

मग प्लॅस्टर निघालं. आता ती खेळते. पाय अजून जरा जपून टाकते. आता पंच कुणीच नसतो, दर दोन चेंडूंमागे भांडण होतं. काल ती बॅटिंग करत होती. चेंडू तिच्या बॅटजवळून मागे गेला, मागच्या पोराने धरला आणि तसाच परत फेकला. त्याने काही मागितलं नाही, मलाही वर टक् ऐकू आला नाही. गोलंदाज उलट चालत आपल्या जागेकडे निघाला होता. तिने बॅट खाली ठेवली. "लागली," म्हणाली आणि भिंतीपासून बाजूला झाली. उंच मुलाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग येऊन बॅट उचलली.

पुढच्याच षटकात त्याच्यावर ओरडा झाला. नेहमीची झोंबाझोंबी सुरू झाली, लागली, नाही लागली. मध्येच दोघातिघांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती लांब, बादलीच्याही मागे, उन्हाकडे तोंड करून उभी होती. तिने डोळे बारीक केले, क्षणभर थांबली.

"मला दिसलं नाही," ती म्हणाली.